मोटार-सायकलच्या इंजिनाचा ताप आणि पेट्रोलची काटकसर

पुण्याच्या मंडईंत भल्या पहाटे जाणाऱ्या शेतकऱ्यास पूर्वींच्या व आतांच्या काळांतील एक फरक सहज दिसून येतो. जेथें एके काळीं बैलगाड्या सुटत, तेथें आज टेंपो, रिक्षा व मोटार-सायकली उभ्या असतात. सन १८८६ मध्यें रे मार्केट या नांवानें उभी राहिलेली व पुढें महात्मा फुले यांचें नांव धारण करणारी ती इमारत आपल्या उंच मनोऱ्यासह तशीच आहे. घाऊक व्यापार मात्र गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला आहे. तथापि ज्यांचा माल थोडा, नाजूक आणि रोजचा आहे, असे जवळपासचे कांहीं बागाईतदार मंडईंतील ओळखीच्या गाळेवाल्यास माल नेऊन देतात, आणि त्यांचें वाहन बहुधा मोटार-सायकल हेंच असतें. नांगर व पंप यांची निगा आपण शेतीचें अवजार म्हणून राखितों. मोटार-सायकल मात्र कारागिराच्या हवालीं करून मोकळे होतों. हें योग्य नव्हे. इंजिन कमी तापावें व पेट्रोल कमी लागावें, या दोन इच्छा प्रत्येकाच्या मनांत असतात. त्या दोन्ही एकाच वेळीं पुऱ्या होऊं शकतात काय, आणि कोणत्या मार्गानें, एवढाच प्रश्न या लेखांत घेतला आहे.

एक महागांत पडलेला अनुभव

प्रस्तुत लेखकाचें गांव कात्रजच्या घाटापलीकडे, मंडईपासून सुमारें ३० किलोमीटरांवर आहे. मोटार-सायकल १०० सी. सी. ची, हवेनें थंड होणारी व कार्बुरेटरची. ओझ्यासह ती लिटरला ५० किलोमीटर जात असे. गेल्या चैत्रांत एका कारागिरानें तिचें मुख्य जेट काढून बारीक जेट बसविलें, कार्बुरेटरची सुई एक खांच खालीं उतरविली, आणि आतां ती ५५ किलोमीटर जाईल असें सांगितलें. तसें झालेंही. महिनाभर मी ही गोष्ट चार लोकांत कौतुकानें सांगत असें.

वैशाखांत एके दिवशीं मेथीच्या व कोथिंबिरीच्या जुड्या बांधून निघण्यास उशीर झाला. नऊच्या सुमारास जुना घाट चढत असतां इंजिनाचा जोर एकाएकीं कमी झाला, आंतून टक्‌टक् असा आवाज येऊं लागला, आणि मागचें चाक जागच्या जागीं आवळलें. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून मी पडलों नाहीं. पिस्टन सिलिंडरांत चिकटला होता. दुसरें वाहन मिळून भाजी मंडईंत पोहोंचेपर्यंत दुपार झाली. आमच्या गाळेवाल्या मावशींनीं एक जुडी उचलून पाहिली आणि म्हटलें, "दादा, ही मेथी आतां फोडणीला टाकायचीच राहिली आहे." त्या दिवशीं भाव मिळाला नाहीं तो नाहींच.

आतां हिशेब पाहावा. जाऊन येऊन ६० किलोमीटरांस पूर्वीं १.२ लिटर पेट्रोल लागे, तें जेट बदलल्यावर १.०९ लिटर लागूं लागलें. लिटरला १०० रुपये दर धरिला तर खेपेमागें अकरा रुपये वांचले. महिन्याच्या तीस खेपांत सुमारें सव्वातीनशें. सिलिंडर घांसून नवा पिस्टन घालण्यास व त्या दिवसाच्या भाजीस जें लागलें तें याच्या दसपटीहून अधिक होतें. चूक कोठें झाली हें समजून घेण्यासाठीं मी पुढें जें वाचलें व जाणत्या लोकांस विचारलें, त्याचें सार पुढें देत आहें.

उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा सुमारें चौथा, फार तर तिसरा हिस्सा चाक फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीच्यापैकीं मोठा भाग सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो व उरलेला सिलिंडरच्या भिंतींत, हेडांत आणि ऑईलांत शिरतो. हा शेवटचा भाग बाहेर काढून देणें यासच इंजिन थंड करणें म्हणतात.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, इंजिन जितकें थंड तितकें चांगलें. विहिरीवर ऑईल इंजिन चालविलेल्या जुन्या शेतकऱ्यांस याचा अनुभव आहे. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि अशा इंजिनांची ओळख खेडोपाडीं झाली. विहिरीचें गार पाणी इंजिनांतून भरमसाट सोडलें तर इंजिन गार राहतें खरें, परंतु धूर काळा-पांढरा येतो, तेल अर्धवट जळतें व खर्च वाढतो. म्हणून बाहेर पडणारें पाणी चांगलें ऊन असावें, असा जाणत्या माणसाचा दंडक असे. मोटार-सायकलचेंही तसेंच आहे. गार इंजिनांत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. तें भिंतीवर थिजून ऑईल धुऊन काढतें. उलट इंजिन फाजील तापलें तर ऑईल पातळ होऊन त्याचा थर फाटतो. शिवाय ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच तापमानांत बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतो. सिलिंडरचें अस्तर बिडाचें असेल तर पिस्टन त्यांत घट्ट बसतो. माझ्या पिस्टनाचें नेमकें हेंच झालें.

पाकळ्या, वारा आणि चिखल

सिलिंडरवर ज्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात त्यांस कारागीर फिन म्हणतात. आपण पाकळ्या म्हणूं. त्यांचें काम एकच: वाऱ्यास लागणारें क्षेत्र वाढविणें. ॲल्युमिनियमचे मिश्रधातु बिडाच्या सुमारें तिप्पट उष्णता वाहून नेतात, म्हणून आतांच्या इंजिनांच्या पाकळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. परंतु पाकळी कितीही चांगली असली तरी तिच्यामधून वारा वाहिला पाहिजे. शेतांतल्या वाटेचा चिखल ऑईलमध्यें मिसळून पाकळ्यांच्या फटींत वाळला, म्हणजे तो घोंगडीसारखें काम करितो. त्याचप्रमाणें पावसाळ्यांत चिखल उडूं नये म्हणून लेगगार्डास फ्लेक्सचा तुकडा बांधण्याची चाल पडली आहे. तो तुकडा उन्हाळ्यांतही तसाच राहतो व इंजिनाचा वारा अडवितो. पुढच्या बाजूस अडकविलेल्या पिशव्यांचेंही तेंच.

वारा गाडीच्या वेगावर अवलंबून असतो, आणि येथेंच ओझें वाहणाऱ्याची खरी अडचण आहे. घाटांत वेग कमी व काम जास्त. म्हणजे उष्णता सर्वांत अधिक त्याच वेळीं वारा सर्वांत कमी. मंडईबाहेर उभी असलेली जुनी बजाज रिक्षा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तिचें इंजिन मागें झाकलेलें असतें व तिला ओझें घेऊन हळू चालावें लागतें. म्हणून इंजिनाच्या फिरत्या चक्रावरच पंखा बसवून, पत्र्याच्या आवरणांतून वारा सिलिंडरवर सोडलेला असतो. १९७२ सालीं निघालेल्या चेतक स्कूटरीचीही योजना अशीच होती. गुजरातेंत अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगाणी यांनीं मोटार-सायकलला औत जोडून जी 'बुलेट सांती' केली, तिची कल्पना पाहून आपल्याकडेही कोणास तसा प्रयोग करावासा वाटेल. त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, रस्त्यावर धांवणाऱ्या इंजिनास जो वारा फुकट मिळतो तो सरींतून हळू चालणाऱ्या इंजिनास मिळत नाहीं. त्याची वेगळी तजवीज करावी लागते.

बारीक जेट म्हणजे काटकसर नव्हे

शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें पावणेपंधरा पट हवा लागते. हवा याहून जास्त असेल तर मिश्रण विरळ व कमी असेल तर दाट म्हणतात. सपाटीवर बेताच्या वेगानें जातांना किंचित् विरळ मिश्रण चालतें व त्यांत काटकसरही होते. परंतु मूठ पुरी पिळून चढ चढतांना कारखानदार मिश्रण मुद्दाम दाट ठेवितो. जास्तीचें पेट्रोल जळत नाहीं. तें वाफ होतांना आंतील उष्णता शोषून घेतें आणि पिस्टन व हेड यांस वांचवितें. उन्हांत अंगणावर सडा घातल्यानें जसा गारवा येतो तसेंच हें आहे.

आतां कार्बुरेटरची रचना पाहावी. इंजिन जागेवर फिरतें तेव्हां पेट्रोल बारीक पायलट जेटमधून येतें. मूठ मध्यम पिळलेली असतां सुईच्या निमुळतेपणावर त्याचें प्रमाण ठरतें. आणि मुख्य जेटाचा अंमल सुमारें पाऊण मुठीच्या पुढें चालतो. म्हणजे मुख्य जेट बारीक केल्यानें सपाटीवरच्या रोजच्या चालीत विशेष कांहीं वांचत नाहीं. वांचतें तें घाटांत, आणि तें वांचणें म्हणजे इंजिनाचा सडा बंद करणें होय. माझी पांच किलोमीटरांची वाढ मुख्यत्वें सुईमुळें झालेली असावी. नुकसान मात्र जेटानें केलें.

यांत दुसरी एक गोष्ट आपल्याच शेतांतून आलेली आहे. उसापासून निघणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात, आणि २०२५ सालापर्यंत तें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें. इथेनॉलास जळण्यासाठीं त्याच्या वजनाच्या सुमारें नऊ पटच हवा लागते. म्हणून शुद्ध पेट्रोलाच्या मापानें बसविलेल्या जुन्या कार्बुरेटरांत हें मिश्र इंधन घातलें असतां मिश्रण आपोआप विरळ होतें. शिवाय एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असल्यामुळें लिटरमागें अंतरही थोडें घटतें. अंतर घटलें म्हणून जेट बारीक करणें म्हणजे विरळ मिश्रण आणखी विरळ करणें. उसाच्या बागाईतदारानें तरी ही चूक करूं नये.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नव्या नियमांनंतरच्या मोटार-सायकलींत बहुतेक ठिकाणीं कार्बुरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आलें आहे. तेथें मिश्रणाचें प्रमाण विजेचें यंत्र स्वतः ठरवितें. त्यांत हात घालण्याचें कारणच नाहीं.

आकुर्डीचा धडा

मग इंजिनांत सुधारणा होतच नाहीं काय? होते, आणि तिचें उदाहरण पुण्याच्या परिसरांतच आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोनें २००१ सालीं पल्सर ही मोटार-सायकल काढिली. २००३ सालीं तिच्या इंजिनांत एका प्लगाऐवजीं दोन प्लग बसवून त्या योजनेस डी. टी. एस. आय. हें नांव दिलें. एका प्लगाची ज्वाला सिलिंडरच्या एका कडेस लागून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोंचण्यास वेळ लागतो. दोन बाजूंनीं ठिणगी पडली तर प्रत्येक ज्वालेस कमी अंतर तोडावें लागतें. गंजीस दोन टोंकांनीं आग लागली तर ती जशी लौकर जळते तसा हा प्रकार आहे. जळण लौकर पुरें झाल्यामुळें दाब ऐन वेळीं पिस्टनावर येतो, विरळ मिश्रणही न चुकतां पेटतें, आणि पेट्रोल झडप उघडेपर्यंत रेंगाळत जळत राहत नाहीं. दोन प्लगांची कल्पना विमानांच्या इंजिनांत पूर्वींपासून होती. लहान इंजिनांत ती ठिणगीच्या अचूक वेळेसह बसविणें हें काम महत्त्वाचें होतें.

पुढें २००७ सालीं पल्सरच्या २०० सी. सी. च्या इंजिनास ऑईल थंड करणारी जाळी आली, आणि २०१२ सालच्या २०० एन. एस. मध्यें सिलिंडरभोंवतीं पाणी खेळविण्यांत आलें. जसजशी ताकद वाढली तसतशी उष्णता वाहून नेण्याची सोयही वाढवावी लागली, हें यावरून दिसतें.

यांतून घ्यावयाचा धडा असा: पेट्रोल कमी देणें आणि पेट्रोल चांगलें जाळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीनें खर्च थोडा घटतो व ताप वाढतो. दुसरीनें खर्च घटून ताप आटोक्यांत राहतो. कोणी कांहीं फेरफार सुचविला तर तो यांपैकीं कोणत्या जातीचा आहे हें प्रथम विचारावें. हेडास भोंक पाडून दुसरा प्लग बसवूं पाहणें, पाकळ्यांस भोंकें पाडणें किंवा हेडावर पाणी ठिबकविणें यांपैकीं कशानेंही आकुर्डीचें काम घरीं होत नाहीं. तापलेल्या धातूवर गार पाणी पडल्यास त्यास तडा मात्र जाऊं शकतो. शिवाय नोंदणीच्या कागदांतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, हेंही विसरूं नये.

शेतकऱ्यानें स्वतः करावयाचीं कामें

१. आठवड्यांतून एकदां, इंजिन पूर्ण निवाल्यावर, पाकळ्यांच्या फटी मऊ ब्रशानें व पाण्यानें साफ कराव्या. त्यांवर जाड रंग देऊं नये. पावसाळा संपतांच लेगगार्डावरचा पडदा काढून टाकावा.

२. ऑईल हें हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाचें अर्धें पाणीच समजावें. लहान इंजिनांत तें जेमतेम एक लिटर असतें. त्यांतील पाव भाग कमी झाला तरी राहिलेल्यावर भार पडतो. पातळी आठवड्यास पाहावी, आणि कारखानदारानें सांगितलेल्या जातीचेंच ऑईल घालावें.

३. एअर फिल्टर धुळीनें भरला तर मिश्रण दाट होऊन पेट्रोल वायां जातें. तो काढूनच टाकला तर मिश्रण विरळ होतें व धूळ सिलिंडर खाते. म्हणून तो स्वच्छ करून पुन्हां बसवावा.

४. टॅपेटची फट इंजिन गार असतां मोजून घ्यावी. धुराची झडप आपली उष्णता बैठकीस टेकून बाहेर टाकते. फट फार कमी असेल तर झडप पुरी टेकत नाहीं, आणि जळून जाते.

५. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर मिश्रण दाट. पांढराफटक व फोड आल्यासारखा दिसला तर इंजिन तापत आहे. गाडी ओझ्यास लावूं नये.

६. टायरांत ओझ्याच्या मानानें सांगितलेली हवा भरावी, चेन ना सैल ना ताणलेली ठेवावी, आणि ब्रेक चाकास घांसत नाहीं ना हें चाक हातानें फिरवून पाहावें. येथें वांचलेलें पेट्रोल इंजिनास कोणताही ताप न देतां वांचतें.

७. एक फेरफार ओझें वाहणाऱ्यानें समजून घेण्यासारखा आहे, तो चेनच्या दांत्यांच्या चक्रांचा. पुढील चक्रास १४ व मागील चक्रास ४२ दांते असतील तर प्रमाण ३ येतें. पुढें १५ दांत्यांचें घातलें तर तें २.८ होतें. इंजिनाचे फेरे सुमारें ७ टक्के कमी होऊन सपाटीवर पेट्रोल वांचतें. परंतु घाटांत त्याच इंजिनास ओढ जड होते. रोजची वाट सपाट असेल त्यानेंच कारखानदाराच्या सल्ल्यानें हा विचार करावा. घाटवाल्यानें करूं नये.

८. चढावर वरचा गियर धरून इंजिनास घुसमटवूं नये. गियर वेळीं उतरवावा. सपाटीवर ४० ते ५० किलोमीटरांचा वेग बरा. वेग वाढला कीं वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानें वाढतो, आणि रुंद करंड्यांमुळें तो अधिकच होतो. जोर कमी झाला अथवा टक्‌टक् आवाज आला तर तत्काळ मूठ सोडून सावलीस थांबावें. इंजिनावर पाणी ओतूं नये.

मोजल्यावांचून विश्वास ठेवूं नये

कोणताही फेरफार फलदायी आहे कीं नाहीं हें ठरविण्याची रीत बियाण्याची परीक्षा घेण्याच्या रीतीसारखीच आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. टांकी काठोकाठ भरून तीच वाट, तेंच ओझें व शक्य तर तीच वेळ राखून निदान पांच खेपा कराव्या. पुन्हां त्याच पंपावर टांकी काठोकाठ भरून लागलेलें पेट्रोल लिहून ठेवावें. मग फेरफार करून तितक्याच खेपा कराव्या. एका खेपेवरून निर्णय करूं नये. मंडईजवळच्या गर्दींत दहा मिनिटें अधिक अडकलें तरी आंकडा बदलतो. आंकड्याबरोबर प्लगाचा रंग व चढावरचा जोर यांचीही नोंद करावी. मीं महिनाभर केवळ किलोमीटर मोजले, प्लग एकदांही काढून पाहिला नाहीं. पाहिला असता तर त्याच्या पांढऱ्या रंगानें मला घाटापूर्वींच सावध केलें असतें.

सध्यां माझ्या गाडींत मूळचें जेट व सुईची मूळची खांच आहे. पाकळ्या स्वच्छ, टायरांत पुरी हवा व सौम्य वेग एवढ्यावर ती लिटरला ५२ ते ५३ किलोमीटर जाते. ५५ नाहीं, हें खरें. परंतु मेथी सूर्य वर येण्यापूर्वीं मंडईंत पोहोंचते, आणि पेट्रोलच्या पावतीपेक्षां गाळ्यावरची पट्टी मोठी असते, हा हिशेब शेतकऱ्यास वेगळा समजावून सांगण्याची जरूर नाहीं.